शमनाआधीची साक्ष

शमनाचा उपचार घेऊन आला त्या संध्याकाळी देवेंद्र पोटभर जेवला. भाऊ तेजस गेल्यापासून त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता. त्या दिवशी मात्र त्याने बांगड्याचं तिखलं दोनदा मागून घेतलं, बोटं चाटली, आणि आज बरं झालंय म्हणून बायकोचं, हर्षालीचं कौतुक केलं. मग पडवीत चटई टाकून तो झोपला. दचकला नाही, ओरडला नाही.

हर्षाली उंबऱ्यात उभी राहून त्याच्याकडे बघत होती. तिला बरं वाटायला हवं होतं. पण तिच्या मनात एकच विचार आला, की आता हा माणूस आपल्याबरोबर तिथे नाही.

‘तिथे’ म्हणजे शेलटीच्या मच्छीमार सोसायटीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये.

शेलटी हे दक्षिण कोकणातलं खाडीच्या तोंडावरचं गाव. समुद्राच्या तळावरची खनिजं वर काढून किनाऱ्यावर उतरवण्यासाठी एका कंपनीला तिथे जेट्टी बांधायची होती, आणि जागा नेमकी गावाची, रापणीचं जाळं ओढायची होती. गाव विरोधात वाळूत जाऊन बसलं. प्रकल्पाच्या रक्षणासाठी सरकारने वेगळं सशस्त्र दल नेमलं होतं. एका सकाळी त्या दलाने बसलेल्यांना भरतीच्या पाण्यातून फरफटत बाहेर काढलं. पकडलेल्यांना न्यायला गाड्या आल्या नव्हत्या, म्हणून त्यांना किनाऱ्यालगतच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कोंबलं आणि बाहेरून खीळ लावली. आत ब्लोअर चालू होते. माणसं ओल्या कपड्यांत होती. आतून दार ठोठावलं तेव्हा बाहेरून आवाज आला, “थंड होऊ देत जरा.”

दुपार कलल्यावर दार उघडलं. तोवर नऊ जण मेले होते.

हर्षालीला तेव्हा चौथा महिना होता. देवेंद्रचा धाकटा भाऊ तेजस तिच्या शेजारी होता. त्याने आपली जर्सी काढून तिच्या अंगावर चढवली, मग शर्टही काढून तिच्या पोटाला गुंडाळला, आणि ब्लोअरकडे पाठ करून तिच्यासमोर बसला. सुरुवातीला तो थट्टा करत होता. मग त्याचं कापणं थांबलं. आपल्याला उकडतंय असं तो म्हणू लागला. शेवटी त्याचं डोकं तिच्या मांडीवर आलं. देवेंद्र तो सगळा वेळ दारावर मुठी आपटत होता. त्याला सगळ्यांच्या शेवटी आत ढकललं होतं, म्हणून दाराच्या सगळ्यात जवळ तोच होता.

सरकारने सांगितलं की जमाव लपायला स्वतःहून आत शिरला आणि खीळ अडकली. बाहेर उभं राहून काहींनी मोबाइलवर चित्रण केलं होतं, पण त्याला कुणी विचारत नव्हतं. हवं ते दृश्य, हव्या त्या चेहऱ्यांनिशी, कुणीही घरबसल्या तयार करू लागल्याला बरीच वर्षं झाली होती, आणि कायद्याने छायाचित्रं, चित्रफिती, आवाज हे सगळं पुराव्यातून बाद केलं होतं. त्यांच्या जागी आला होता साक्षमापक. साक्षीदाराच्या डोक्याला संवेदक लावून त्याला घटनेतले तपशील दाखवायचे, त्यांत काही खोटेही मिसळायचे. जे माणसाने खरोखर पाहिलं, सोसलं, ते समोर येताच तो तोंड उघडण्याआधीच त्याचा मेंदू ते ओळखतो. भीतीची केंद्रं जागी होतात, नाडी बदलते, तळव्यांना घाम फुटतो. पडद्यावरची रेघ उसळली तर साक्ष खरी. रेघ सपाट राहिली तर साक्ष पढवलेली.

या यंत्रामुळे कोर्टातली खोटी साक्ष जवळपास संपली होती. लोकांचा त्याच्यावर विश्वास बसला होता, आणि तो अनाठायी नव्हता.

तेजसचं बारावं व्हायच्या आत जिल्हा रुग्णालयाची गाडी गावात आली. बरोबर डॉ. इरावती रेगे होत्या, पन्नाशीच्या, मृदू बोलणाऱ्या. त्यांनी देवळासमोर सगळ्यांना बसवून शमन म्हणजे काय ते समजावलं. आठवण म्हणजे दगडावर कोरलेलं अक्षर नव्हे, त्या म्हणाल्या. आठवण काढली की ती थोडा वेळ ओली होते, कच्च्या मडक्यासारखी. मग मेंदू ताजी प्रथिनं बनवून ती पुन्हा पक्की करतो. नेमक्या त्या ओल्या वेळात औषध दिलं तर भीतीच्या केंद्रात ही प्रथिनं बनत नाहीत. काय घडलं ते माणसाला पुढेही सांगता येतं, त्याची धग मात्र निघून जाते. आठवण जितकी ताजी, तितका गुण चांगला. भूकंपातल्या, पुरातल्या कितीतरी लोकांना या उपचाराने पुन्हा माणसांत आणलं होतं.

गावातल्या कुणाला झोप नव्हती. वाचलेले सगळे रांगेत उभे राहिले, मेलेल्यांचे आईबापही. हर्षालीलाही जायचं होतं. पण वाढत्या गर्भाला प्रथिनं थांबवणारं औषध चालत नाही. डॉक्टरांनी तिचा हात हातात घेतला आणि बाळाचं अंगावरचं पिणं सुटलं की आपण स्वतः येऊ, असा शब्द दिला.

थोड्याच दिवसांत घर शांत झालं. सासूने तेजसचे कपडे धुऊन, घड्या घालून शेजारच्या पोराला देऊन टाकले. देताना तिचे डोळे भरले नाहीत. फोटोला हार घालताना ती माशांच्या भावाविषयी बोलत होती. हर्षालीने एकदा धीर करून विचारलं, आये, तेजसची आठवण येत नाही का. सासूने थोडा विचार केला आणि म्हणाली, “येता मगे. पण कोणीतरी सांगलेल्या गजालीसारखी येता.”

फरीदा सोलकर आल्या तेव्हा हर्षालीला सातवा सरत होता. या वकीलबाईंनी मेलेल्यांच्या वतीने खटला दाखल केला होता. त्यापायी त्यांच्या ऑफिसला सील लागलं होतं, भावाची नोकरी गेली होती, आणि त्या मैत्रिणीच्या घरून काम करत होत्या. पडवीत बसून त्यांनी पाणी घेतलं आणि सरळ मुद्द्याला हात घातला. वाचलेल्यांपैकी काही जणांना त्यांनी शहरात नेऊन साक्षमापकावर बसवलं होतं. सगळ्यांच्या रेघा सपाट आल्या. त्यांनी सांगितलेला शब्द न् शब्द खरा होता, पण यंत्र ज्यावर चालतं ते त्यांच्यात उरलंच नव्हतं.

“तुम्ही एकट्याच राहिलात,” फरीदा म्हणाल्या. “सुनावणीपर्यंत शमन घेऊ नका. मी तुमच्याकडे काय मागतेय, ते मला कळतंय.”

सुनावणी कधी, असं हर्षालीने विचारलं. ते फरीदांना सांगता आलं नाही. हर्षालीने पोटावर हात ठेवला आणि बरं म्हटलं. मागे उभ्या देवेंद्रला यात नाही म्हणण्यासारखं काही वाटलं नाही. हो म्हणण्यासारखंही नाही.

रेवा जन्मली. तारखा पडत गेल्या.

हर्षालीला फ्रिज उघडता येत नव्हता. पंख्याचा वारा पाठीवर आला की छातीत कळ यायची. भर मे महिन्यात ती उन्हात जाऊन बसायची, लेकराला छातीशी घट्ट धरून. लेकरू घामाने लाल व्हायचं, सासू ओरडायची. तान्ही रेवा गाढ झोपली की ती तिला हलवून जागी करायची, कारण न हलणारं डोकं मांडीवर तिला सोसवत नसे. बाकी गावाला तिचं काय होतंय ते कळत नव्हतं. पूर्वी जे तिच्याबरोबर कोंडले गेले होते, तेच आता तिला सल्ले देत. शेजारीण मेधा, जिचा नवरा त्या नऊ जणांत होता, ती तर म्हणाली की एवढं मनाला लावून घेऊ नये.

एकदा ती रेवाला कडेवर घेऊन बंदरावर लिलावाला गेली. कुणीतरी बर्फाचा क्रेट तिच्या पायाशी ओतला. पुढचं तिला आठवत नाही. शुद्धीवर आली तेव्हा ती सिमेंटवर पडलेली होती आणि रेवाच्या भुवईतून रक्त वाहत होतं. सासूने रेवाला उचललं आणि तिचं अंथरूण आपल्या खोलीत नेलं. परत दिलं नाही.

त्या दिवशी देवेंद्र पहिल्यांदा चिडला. “तू हट्टान दुखणा जपतंस,” तो म्हणाला. “पोरीचो जीव जायत, मगे कळात तुका.”

“तुझो भाव गेलो, देवेंद्र.”

“माका म्हायत आसा.”

माहीत आहे. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच माहीत होतं.

डॉ. रेगे शब्दाला जागून आल्या. रेवाचं अंगावरचं पिणं सुटलं होतं. तिच्या भुवईवरचे टाके बघून त्या हळहळल्या आणि आता उशीर करू नये असं त्यांनी सांगितलं. हर्षालीने बाही वर केली. तिला खरंच नको झालं होतं. तिला रेवा हवी होती. डॉक्टर औषध भरत असताना तिने केवळ मनात आलं म्हणून विचारलं, की दलातल्या लोकांनीही हे घेतलं का.

डॉक्टरांचा हात थांबला. रुग्णांविषयी बोलता येत नाही, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. शेवटी त्यांनी सांगितलं, की त्यांना आधी पाठवलं होतं ते दलाच्या छावणीत, गावात नंतर. सगळ्या तुकडीला उपचार द्यायचा हुकूम होता. ज्यांनी प्रेतं बाहेर काढली, ती पोरंही हादरली असतील, असं त्यांना वाटलं होतं.

“त्यांचो साहेब? जयकर?”

“त्याला सगळ्यांत आधी,” डॉक्टर म्हणाल्या. “मला वाटत होतं, मी माणसांचं दुखणं काढतेय.”

हर्षालीने बाही खाली केली. डॉक्टर निघाल्या तेव्हा त्यांच्या चालण्यात म्हातारपण आलेलं दिसत होतं.

सुनावणी झाली जिल्ह्याच्या कोर्टात. आधी तुकडीप्रमुख जयकरला बसवलं. कोल्ड स्टोरेजचं दार, खीळ, बाहेर काढलेले देह, एकेक गोष्ट त्याच्यासमोर आली. रेघ सपाट राहिली. खीळ आपण लावली नाही, असं तो शांतपणे म्हणाला आणि यंत्राने त्याच्या बाजूने कौल दिला. खोटं बोलणारी लाखो माणसं या यंत्राने पकडली होती. या माणसाला ते पकडू शकत नव्हतं, कारण आपण केलेलं त्याला आता कुठे लागतच नव्हतं.

मग हर्षाली बसली. ब्लोअरचं चित्र आलं आणि तिने खुर्चीचे हात धरले. तेजसची जर्सी आली, चार खोट्या जर्सींच्या मधोमध, आणि तिच्या तोंडून असा आवाज निघाला की कोर्टातला शिपाईही पुढे धावला. रेघ पडद्याच्या वर गेली. त्या बंद खोलीत माणसं गारठून मेली, हे न्यायमूर्तींनी तिथल्या तिथे नोंदवून घेतलं. तिची नोंद कायमचा पुरावा म्हणून जमा झाली.

पण दार कुणी लावलं? हर्षालीने फक्त आवाज ऐकला होता. दार मिटता मिटता खिळीवर हात कुणाचा होता, ते बघितलं होतं एकट्या देवेंद्रने.

देवेंद्रने सगळं नीट सांगितलं. जयकरचं नावही घेतलं. रेघ हलली नाही. मग त्याच्या भावाचा देह दाखवला. रेघ तशीच. पडदा देवेंद्रच्या समोरच होता, त्यालाही ती दिसत होती. सरकारी वकील उठले आणि आवाज न चढवता म्हणाले, “ज्याचा सख्खा भाऊ गेला, त्याची रेघ इतकी सरळ, महाराज?”

शमनाचा मुद्दा फरीदांनी मांडून पाहिला. डॉ. रेगे आपण होऊन पिंजऱ्यात उभ्या राहिल्या आणि छावणीतल्या हुकुमाबद्दल बोलल्या. त्याच दिवशी त्यांना निलंबित केलं गेलं. न्यायमूर्तींनी ऐकून घेतलं, पण न उठलेल्या रेघेवरून कुणावर आरोप ठेवता येत नाही, असं म्हणाले. फरीदांना त्यांनी एक शेवटची तारीख दिली.

दुसऱ्या दिवशी देवेंद्र डॉ. रेगेंच्या घरी गेला आणि गेलेलं परत आणता येईल का, असं त्याने विचारलं. डॉक्टरांनी आधी नकार दिला. मग त्यांनी खरं ते सांगितलं. औषध आठवणीचं मूळ क्वचितच पूर्ण उपटतं. तीच जागा, तोच वास, तीच थंडी मिळाली आणि तेव्हा बरोबर असलेल्या माणसाने बोट धरून त्यातून नेलं, तर कधी कधी ते पुन्हा फुटतं. खात्री नाही. आणि फुटलं तर सगळंच फुटतं.

गावातलं कोल्ड स्टोरेज केव्हाच पुन्हा सुरू झालं होतं. त्यात सुरमई ठेवत होते.

हर्षालीने हात जोडले. इतके महिने तिने हेच मागितलं होतं, की याला एकदा तरी कळू दे. आता तो कळून घ्यायला निघाला होता, आणि तिच्याने ते बघवत नव्हतं. खटला जाऊ दे, ती म्हणाली. जयकर जाऊ दे. एकाने तरी झोपावं.

“तू एकट्यान किती काढलंस,” तो म्हणाला. “माझा दुख माका व्हया, हर्षाली. तेजस माझो भाव होतो.”

तो बोलत होता शांतपणेच. त्याला नक्की काय हवंय ते त्यालाच ठाऊक नव्हतं. आंधळ्याने रंग मागावा, तसं त्याचं ते मागणं होतं. पण तो मागे हटला नाही, आणि आत बोट धरून नेणारी तिच्याशिवाय दुसरी कुणी नव्हती.

ते भर दुपारी गेले. डॉ. रेगे बाहेर उभ्या राहिल्या. दार मिटू नये म्हणून त्यांनी त्यात माशांचा क्रेट अडकवला. देवेंद्रने अंगावर समुद्राचं पाणी ओतून घेतलं आणि तो आत गेला. हर्षाली उंबऱ्याशी थांबली. आतून त्याने हाक मारली नाही, वाट बघितली. मग तिने डोळे मिटले आणि ती आत गेली.

वास तोच होता, अमोनियाचा आणि माशांचा. ब्लोअर घुमत होते. तिला उलटी झाली. तोंड पुसून ती भिंतीला धरून कोपऱ्याकडे सरकली, जिथे ती तेव्हा बसली होती, आणि तिथे बसली. आता बोलायचं होतं. तिने कोर्टातही जे सांगितलं नव्हतं, ते ती सांगू लागली. बापू तांडेल देवाचं नाव घेत कसे गप्प झाले. मेधाच्या हातांवर तिच्या नवऱ्याने फुंकर कशी घातली होती. देवेंद्र ऐकत होता. त्याचे दात वाजत होते, ते थंडीने. बाकी चेहरा कोरा होता.

“तेजस खंय होतो?” त्याने विचारलं.

“हयच. माझ्या मांडयेर.”

“काय म्हणालो तो?”

हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. “म्हणालो, वयनी, दादाक सांग, हात फुटतीत, ठोकू नको. दार काय उघडूचे नाय ते.”

देवेंद्रने आपल्या हातांकडे बघितलं. मग तो उठला, धडपडत दाराकडे गेला आणि मुठी आपटू लागला. तेजस, तेजस, असं तो ओरडत होता. दार उघडंच होतं. त्याच्या आपटण्याने ते बाहेर जात होतं आणि परत येत होतं, आणि तो आपटतच होता. डॉक्टर आणि हर्षालीने दोन बाजूंनी धरून त्याला उन्हात आणलं. वाळूत पडून तो रडला, जसा भाऊ गेल्याच्या दिवशी रडला होता तसा. हर्षाली त्याला धरून बसली. बंदरावरची माणसं काम सोडून गोळा झाली आणि हा एवढा का रडतोय ते न समजून बघत राहिली. फक्त त्याची आई पुढे आली. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून उभी राहिली.

शेवटच्या तारखेला यंत्राने देवेंद्रला स्वतःच बनवलेले, नाना खुणांचे हात दाखवले, खीळ सरकवणारे. एका हाताच्या अंगठ्याला पट्टी बांधलेली होती. रेघ तिथेच उसळली. सरकारी वकिलांनी ही आठवण आत्ता बनवलेली आहे असं म्हटलं, पण पट्टीबद्दल कुणीच कधी बोललं नव्हतं. जयकरच्या अंगठ्याला घटनेच्याच सकाळी टाके पडले होते, हे छावणीतल्या दवाखान्याने कबूल केलं. जयकरवर आरोप निश्चित झाले. हुकूम देणाऱ्या वरच्यांची नावं कागदावर आली नाहीत. जेट्टीचं काम थांबलं नाही. आणि खटला संपेपर्यंत देवेंद्रला पुन्हा पुन्हा त्या खुर्चीवर बसावं लागणार होतं. किती वर्षं, ते फरीदांनाही सांगता येत नव्हतं.

हर्षालीची साक्ष मात्र पुरी झाली होती. ती मोकळी होती.

शमन मी नाही घेणार, असं तिने सांगून टाकलं. देवेंद्रने वाद घातला नाही. तो रेवाला घेऊन तिच्याजवळ बसला. आता तोही दचकून उठायचा, तोही फ्रिजकडे पाठ करून पाणी प्यायचा. एका घरात दोघं अशी असली तर या पोरीने कुणाच्या मांडीवर झोपायचं, एवढंच त्याने विचारलं.

शेवटी ती जिल्हा रुग्णालयात गेली. बाहेरच्या बाकावर तिघं बसली. नव्या डॉक्टरबाईंनी नाव पुकारलं, तरी ती उठली नाही. तिने देवेंद्रला तेजसबद्दल राहिलेलं सगळं सांगितलं. त्याने आधी कुठली बाही काढली, शर्टाची गाठ कशी मारली, बाळाचं नाव काय ठेवायचं म्हणून कसं चिडवलं. देवेंद्र मधे मधे अडवून पुन्हा विचारत होता, नीट ऐकून घेत होता, डोळे पुसत होता. नाव दुसऱ्यांदा पुकारलं गेलं.

“माका काय वाटाचा नाय रे, मगे,” ती म्हणाली. “त्याचा डोक्या माझ्या मांडयेर होता, ता आठवात, पण काय वाटाचा नाय. मगे त्याचा कोण रवला?”

“मी आसंय मां,” देवेंद्र म्हणाला.

तिने झोपलेली रेवा त्याच्या मांडीवर ठेवली. पोरीचं डोकं नीट टेकलंय ना ते पाहिलं, आणि आत गेली.